थोरल्याच्या पायाचा क्लच

तीन भावांत मधला म्हणून जन्माला येणं हे काही पाप नाही, पण शिक्षा मात्र पुरेपूर भोगावी लागते. थोरल्याचे कपडे अंगावर आणि धाकट्याचं रडणं डोक्यावर. आपल्या या माणसाला तर स्वतःचं नावसुद्धा उरलं नाही. घरात मधला, गल्लीत मधला, पुढे घरामागच्या शेडमध्ये गॅरेज टाकलं तर गिऱ्हाइकंही "मधल्याकडे टाकून ये गाडी" असंच म्हणायची. धाकटा वेळेवर शहाणा झाला, लांब निघून गेला आणि फोनवरून सगळ्यांना तब्येत सांभाळायला सांगत राहिला. त्याचा या गोष्टीशी संबंध तेवढाच.

मधला मोटरसायकलींचा मिस्त्री. लग्नाचं राहून गेलं. म्हणजे कुणी विचारलं नाही असं नव्हे, पण मुलीचा बाप समोर बसला की हा त्याच्या स्कूटरचा सायलेन्सर का वाजतो ते सांगत बसायचा. माणूस तसा साधा, जरा तिरसट, आंघोळ केली तरी नखांत काळं राहिलेला. पण तारेचं काम त्याच्यासारखं कुणाला जमायचं नाही. ब्रेक असो, क्लच असो, जिथे तार ओढायची तिथे त्याचा हात लागला की काम संपलं. आणि हे काम तो डोळे मिटून करायचा. एका गिऱ्हाइकाने विचारलं, झोपलास का रे? तर म्हणाला, "डोळे उघडे असले की ते मधेमधे बोलतात."

थोरला त्याच्या अगदी उलट. दिवसा बेकरीची गाडी चालवायचा आणि दुकानादुकानांत पावाबरोबर गप्पाही उतरवायचा. लहानपणी शाळेच्या भिंतीवरून पडून त्याचा डावा घोटा मोडला होता, आणि जोडणाऱ्याने तो असा काही जोडला की पुन्हा वाकलाच नाही. फळीसारखा सरळ पाय. चालताना तो कमरेतून एक झोका द्यायचा, आणि गल्लीतली पोरं त्याची नक्कल करायची तेव्हा स्वतःच त्यांच्या चुका काढायचा. अशा माणसाला शर्यतीची गाडी चालवायचं वेड लागावं याला काय म्हणायचं?

पण लागलं. आणि थोरल्याला लागलं म्हणजे मधल्याला आपोआप लागलं. दोघांनी मिळून शेडमध्ये लोखंडी पाइप वाकवून, जोडून एक सांगाडा केला. अपघातात चेपलेल्या एका मोटरसायकलचं इंजिन काढून ते सीटच्या पाठीमागे बसवलं. चार चाकं, एक माणूस, वर छप्पर नाही. दिसायला ती गाडी पाठ टेकून बसलेल्या मुंगळ्यासारखी होती, पण पळायची अशी की बघणाऱ्याने दोन पावलं मागे सरावं. गावाबाहेर विमानांची एक जुनी धावपट्टी होती, विमानं यायची कधीच बंद झालेली. तिथे अशा घरी केलेल्या गाड्यांच्या शर्यती व्हायच्या. एकेक गाडी रेषेवर यायची, निशाण पडायचं, आणि पलीकडच्या टोकापर्यंत किती वेळ लागला ते घड्याळ सांगायचं.

आता क्लचचं सांगून टाकतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मोटरसायकलचा क्लच बोटांसाठी केलेला असतो. बोटांनी दांडी ओढली की तार ताणते आणि इंजिनाच्या पोटातल्या प्लेटा एकमेकींपासून सुटतात. सोडली की पुन्हा चिकटतात आणि गाडी निघते. तेच इंजिन चार चाकांवर बसवलं की दांडी जाते आणि पायाखाली पेडल येतं. पुढच्या नाकापासून पाठीमागच्या इंजिनापर्यंत लांबलचक तार. आणि पायाला बोटांची अक्कल नाही. बोटं जिथे थांबतात तिथे तो थांबत नाही, दाबतच जातो, आणि तार तरी तुटते नाहीतर आतला दांडा तरी वाकतो. म्हणून पेडलच्या पुढे एक अडसर लावतात, साधा बोल्ट, हलू नये म्हणून वरून चेकनटने आवळलेला. पेडल त्याला टेकलं की बस. हा बोल्ट फार पुढे सारला तर तार तुटायची भीती. फार अलीकडे घेतला तर पेडल पूर्ण दाबलं तरी प्लेटा पुरत्या सुटत नाहीत, आणि गिअरमध्ये उभी असलेली गाडी हळूच पुढे सरकायला बघते. या दोन्हींच्या मधली बरोबर जागा प्रत्येकाच्या पायाला वेगळी असते.

थोरल्याचा घोटा वाकत नव्हता. तो पेडल पावलाने नाही, मांडीतून दाबायचा, आणि तेही थोडंसंच जायचं. मधला सबंध दुपार गाडीच्या नाकात डोकं घालून पालथा पडला आणि त्या पायाची जागा त्याने शोधून काढली. अडसर पार अलीकडे, तारेला ढील जवळजवळ नाहीच. प्लेटा सुटायच्या, पण अगदी जेमतेम. थोरल्याला ते माहीत होतं. रेषेवर तो गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायचा आणि निशाण वर गेल्यावर पहिला गिअर टाकून ते पडताच सुटायचा. दुसऱ्या कुणाला ती गाडी धड उभीसुद्धा ठेवता आली नसती. थोरला म्हणायचा, "माझा डावा पाय मधल्याकडे गहाण आहे."

इंजिन सगळी गाडी थरथरवायचं, त्यामुळे नट सैल व्हायचे. म्हणून मधल्याने एक रीत पाडली होती. सकाळी शेड उघडली की डाव्या हातात चहाचा कप आणि उजवा हात मोकळा. गाडीभोवती एक फेरी. टायर दाबून बघायचा, चेन हलवून बघायची, मग पुढे येऊन नाकावरचं झाकण काढायचं, वाकायचं आणि तळहाताने क्लचचं पेडल दाबायचं. दोनदा आखूड, तिसऱ्यांदा दाबून धरायचं. मागच्या खिशात दहा नंबरचा पाना असायचाच. गरज असली तर बोल्ट जरा इकडे, चेकनट आवळला, संपलं. तोवर चहा संपलेला असायचा. वर्षानुवर्षं हे चाललं होतं. तुम्ही दात घासताना कुठे विचार करता, तसाच तोही करत नव्हता.

मग थोरला गेला. शर्यतीत नाही, वेगात नाही. बेकरीची गाडी एका दुकानासमोर उभी करून, हँडब्रेक ओढून, स्टिअरिंगवर मान टाकून गेला. दुकानदाराला वाटलं डुलकी लागली असेल. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं. मधल्याने दवाखान्यात सगळं नीट केलं, वहिनीला घरी आणलं, धाकट्याला फोन केला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेड उघडली, डाव्या हातात कप घेतला आणि गाडीभोवती फेरी मारली. लोक म्हणाले, दगड आहे हा माणूस. लोकांना काय, बोलायला पैसे पडत नाहीत.

थोरल्याला एक मुलगी. लांब काटकुळे पाय आणि आवाज असा की तीन घरांपलीकडे ऐकू जावा, म्हणून बापाने तिचं नाव टिटवी ठेवलं होतं. आता ती मोठी झाली होती, चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. बाप गेल्यानंतर तिचा आवाज एकदम खाली आला. वर्ष असंच गेलं. मग एका संध्याकाळी ती शेडमध्ये आली, गाडीच्या चाकावर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "काका, या खेपेला गाडी मी चालवणार."

मधल्याने नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणाला. त्याला वाटलं, गाडी पळेल तरी. पळाली की थोरला कुठेतरी आहेच. हे त्याने मोठ्याने म्हटलं नाही, पण त्याच्या मनात हेच होतं, आणि त्याची त्याला लाजही वाटत नव्हती.

वहिनीने आधी भांडी आपटली. सरावाच्या दिवशी ती स्वतः धावपट्टीवर आली आणि कठड्याशी उभी राहिली. टिटवी रेषेवर आली. तिला बापाची खोड कुठून ठाऊक असणार? तिने सरळ पहिला गिअर टाकला, क्लच तळापर्यंत दाबला आणि निशाणाची वाट बघत बसली. गाडी उभी राहिली नाही. कुणी मागून ढकलल्यासारखी ती पुढे निघाली आणि निशाणवाल्याच्या नडगीला जाऊन लागली. तो बिचारा कोलांटी खाऊन बाजूला पडला. हाडं शाबूत राहिली, पँट फाटली.

शर्यतीचा तपासनीस धिप्पाड माणूस होता, गळ्यात शिट्टी अडकवलेला. तो आरडाओरडा न करता म्हणाला, "क्लच सोडत नाहीये. शर्यतीच्या दिवशी रेषेवर गाडी वीतभर जरी सरकली तरी बाहेर काढीन. मग पुन्हा ही गाडी इथे आणायची नाही."

घरी दारात आल्यावर वहिनी मधल्याकडे वळली. "भावजी, त्या माणसाचं काही बरंवाईट झालं असतं तर? पुन्हा एकदा गाडी सरकली ना, तर मी ती भंगारात देईन. तुमच्या भावाची असली तरी देईन." वहिनी बोलते ते करते, हे मधल्याला चांगलं माहीत होतं.

काम तसं काहीच नव्हतं. मागची चाकं ठोकळ्यांवर उचलली, इंजिन चालू केलं, टिटवीला सीटवर बसवलं. पहिला गिअर टाक, क्लच दाब. चाकं फिरतच राहिली. मधल्याने चेकनट सैल केला आणि अडसराचा बोल्ट थोडाथोडा पुढे सारत गेला. चाकं मंदावली, मग थांबली, मग त्याने हाताने धरून बघितली तर मुकाट धरू दिली. टिटवीने पर्समधून लाल नेलपॉलिश काढलं आणि नट व बोल्ट दोन्हींवरून मिळून एक रेघ ओढली. "आता जरा जरी हललं तरी रेघ तुटलेली दिसेल," ती म्हणाली. मधला म्हणाला, "बापाची अक्कल तुझ्यात उतरली नाही हे बरं झालं. त्याने हे दहा वर्षांपूर्वी सुचवायला हवं होतं." दोघंही हसले, कितीतरी दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टिटवी कामावरून आली आणि बघते तो रेघ तुटलेली. बोल्ट पार अलीकडे, जिथे होता तिथे. गाडी चालू केली तर चाकं पहिल्यासारखी गरगर फिरायला लागली.

नट झिजला असेल, मधला म्हणाला. नवीन नट घातला, पुन्हा लावलं, पुन्हा रेघ ओढली. पुन्हा तेच. मग जाड वॉशर घातला. पुन्हा तेच. थरथरीने नट सैल होतो हे खरं, पण सैल होऊन परत घट्ट आवळलेला नट कुणी पाहिलाय? इथे चेकनट कडक आवळलेला सापडायचा. आणि बोल्ट कुठेतरी नाही, बरोबर त्याच जागी. थोरल्याच्या जागी.

त्या दिवशी टिटवीने तुटलेल्या रेघेवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "काका, बाबा येतात का रे?"

"काहीतरी बोलू नकोस."

"मग कोण करतं? कुलूप तू लावतोस."

तिने विचारलं तेच मधल्याच्या मनात घर करून बसलं होतं. कुलूप त्याचं, किल्ली त्याच्या कमरेला, शेडला दुसरं दार नाही, मागच्या खिडकीला आतून कडी. त्याला रात्रीची झोप लागेना. दिवसा गिऱ्हाइकाच्या गाडीत मान घालून बसलेला असताना त्याला पाठीमागे कमरेतून झोका देत कुणी चालल्यासारखं वाटायचं. मान वळवली तर कुणी नाही. गाडीच्या सीटवर थोरल्याच्या पाठीचा खळगा पडलेला होता. त्यावर हात ठेवला तर तो ऊबदार लागला, आणि वरच्या पत्र्याच्या भोकातून ऊन तिथेच पडतं हे माहीत असूनही त्याने हात चटकन मागे घेतला. भीती होती हे खरंच. पण भीतीच्या खाली दुसरंही काहीतरी होतं, आणि ते त्याला जास्त छळायचं. त्याला बरं वाटत होतं. थोरला येतोय, अजून येतोय, या विचाराने त्याला आतून बरं वाटत होतं, आणि तिकडे पोरीचा जीव टांगणीला लागला होता.

एकदा शेडमध्ये कुणी नाही असं बघून तो गाडीशी बोललासुद्धा. "तुला नको असेल तिने चालवलेली, तर तसं सांग ना. हे असं पाठीमागून कशाला करतोस? पोरगी तुझीच आहे." चिमण्या ओरडत होत्या, तेवढंच.

शर्यत परवावर आली. त्या दिवशी टिटवीने जे केलं ते तिच्या जागी तुम्हीही केलं असतं. पहाट उजाडली तशी ती उठली, आदल्या संध्याकाळी कडी काढून ठेवलेल्या मागच्या खिडकीची काच सरकवून शेडमध्ये उतरली आणि गाडीत जाऊन बसली. बापाच्या सीटवर, पाय पोटाशी घेऊन. तिला बापाला बघायचं होतं. घाबरायचं नाही असं तिने ठरवलं होतं. लाल रेघ शाबूत आहे हे तिने आधी वाकून पाहून घेतलं.

उजेड नीट पडला तेव्हा कुलूप उघडलं. टिटवी सीटवर आणखी खाली सरकली. पावलं गाडीभोवती फिरली. टायर दबला, चेन वाजली. मग पुढचं झाकण निघालं आणि पायांच्या जागेत समोरून उजेड आला. त्या उजेडात एक हात आत आला.

हात काकाचा होता, नखांत काळं असलेला. पण त्या हाताने पेडल दाबलं ते काकासारखं नाही. दोनदा आखूड, ताठ, मनगट अजिबात न वाकवता, आणि तिसऱ्यांदा खांद्यातून जोर लावून दाबून धरलं. हुबेहूब बाबांचा पाय. लहानपणी बेकरीच्या गाडीत बाबांच्या मांडीवर बसून तिने तो पाय असाच चालताना पाहिला होता. मग त्या हाताने पाना आणला, चेकनट सैल केला, बोल्ट अलीकडे घेतला, नट आवळला. लाल रेघ तिच्या डोळ्यांदेखत तुटली. बाहेर काकाचे डोळे मिटलेले होते आणि डाव्या हातात कप होता.

"काका," ती म्हणाली.

कप पडला. मधला मागे कोलमडला आणि शेडच्या पत्र्यावर आदळला. त्याला आधी वाटलं गाडीच बोलली. मग टिटवीचं डोकं वर आलं, आणि ती त्याच्याकडे नाही, त्याच्या हाताकडे बघत होती. त्यानेही बघितलं. हातात दहाचा पाना.

"मी?" तो म्हणाला. "रोज मीच?"

टिटवीने होय म्हणून मान हलवली. मधला जमिनीवरच बसला. भूत सापडलं होतं आणि ते त्याच्याच खांद्याला जोडलेलं होतं. त्याला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी कुणीतरी दार लावून घेतल्यासारखं झालं. म्हणजे थोरला येत नव्हता. एकदाही आला नव्हता.

आवाज ऐकून वहिनी अंगणातून आली आणि दारातच थांबली. फुटलेला कप, खाली बसलेला दीर, गाडीत मुलगी. तिने काय झालं म्हणून विचारलंच नाही.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं ना सगळं. रोज सकाळी तुम्ही ते पेडल दाबता. दोनदा लहान, एकदा मोठं. मी गॅस बारीक करून ऐकत उभी राहते. डोळे मिटले की हेच आहेत असं वाटतं."

"आई, तुला माहीत होतं आणि तू बोलली नाहीस?" टिटवी म्हणाली. "मी सगळ्यांसमोर शर्यतीतून बाहेर निघाले असते."

"हो. निघाली असतीस," वहिनी म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "बोलले असते तर आवाज बंद झाला असता. आई म्हणून मी चुकले, अगदी चुकले. भावजी, आता नका लावू तसं. पोरगी आहे माझी." एवढं बोलून ती खाली वाकली आणि कपाचे तुकडे गोळा करायला लागली.

मधल्याने पाना टिटवीपुढे धरला. "तू लाव. माझा हात माझं ऐकत नाही." मग तो स्टुलावर बसला, आणि हात मध्ये जाऊ नयेत म्हणून ते मांड्यांखाली घेतले. टिटवीला काचा घासायची सवय, बोटांत नजाकत होती, पण क्लच तिने कधी लावला नव्हता. ती विचारायची, किती? आणि मधला म्हणायचा, "जरा." जरा म्हणजे किती? "जरा म्हणजे जरा. तार गुरगुरायची थांबते तिथपर्यंत." सगळं आयुष्य हाताने बोललेल्या माणसाला तोंडाने शिकवायला सांगितलं की हे असं होतं. दोघं चिडली, पुन्हा सुरू झाली. शेवटी चाकं थांबली. टिटवीने रेघ ओढली. ती दुसऱ्या दिवशी शाबूत होती, कारण मधल्याने शेडची किल्ली वहिनीकडे देऊन टाकली होती.

शर्यतीच्या दिवशी ऊन फार होतं. गाड्यांची रांग इंचाइंचाने पुढे सरकत होती, आणि रांगेतल्या प्रत्येकाला चालू-बंद, चालू-बंद करत उभं राहावं लागत होतं. इंजिन तापलं. तापलं की प्लेटा फुगतात, आणि त्यांना सोडवायला पेडलला आणखी थोडं पुढे जावं लागतं. टिटवीच्या पुढे आता एकच गाडी उरली होती. तिने करून बघावं म्हणून पहिला गिअर टाकला, क्लच तळापर्यंत दाबला, आणि गाडी नाक पुढे काढायला लागली. तिने पटकन न्यूट्रल केलं.

"काका, ओढतेय."

मधल्याने तपासनिसाकडे पाहिलं. तो रेषेवर हात मागे बांधून उभा होता. "उतर आणि लाव पटकन," मधला म्हणाला.

"मला पट्ट्यांनी बांधलंय. उतरून पुन्हा बांधेपर्यंत नंबर जाईल. तूच लाव."

"मी नाही लावणार, टिटवे. माझ्या हाताचा भरवसा नाही."

"मग कोण लावणार?" तिचा जुना आवाज आला, तीन घरांपलीकडे जाणारा. "डोळे मिटू नकोस. माझ्या पायाकडे बघ आणि लाव."

मधल्याने झाकण काढलं आणि गुडघ्यांवर बसला. पाना चेकनटवर बसला, नट सुटला, आणि हात लगेच निघाला, सवयीने, अलीकडे. त्याने तो थांबवला. डोळे आपोआप मिटायला लागले होते, ते त्याने ताणून उघडे ठेवले आणि समोर बघितलं. तिथे एक पाय होता. टाच जमिनीवर रोवलेली आणि घोटा असा सहज वाकत होता की जणू बिजागरीला नुकतं तेल दिलंय. इतके दिवस त्याने तिचा पाय बघितलाच नव्हता. त्याने बोल्ट पुढे सारला.

"अजून," टिटवी म्हणाली.

अजून म्हणजे थोरल्याच्या जागेपासून लांब. हात सांगत होता की हे चुकतंय, तार तुटेल, पुरे कर. त्याने आणखी एक फेर दिला.

"अजून थोडं."

"जाऊ दे रे," तो म्हणाला, आणि ते टिटवीला नव्हतं. त्याने आणखी फेर दिला.

"बस. इथेच."

त्याने चेकनट आवळला, झाकण लावलं आणि बाजूला झाला. पुढची गाडी सुटली. टिटवी रेषेवर आली, पहिला गिअर टाकला, क्लच दाबला. तपासनीस वाकून चाकाकडे बघत राहिला. निशाणवाला या खेपेला चांगला लांब उभा होता. इंजिन गरजत होतं आणि गाडी जागच्या जागी थरथरत होती, पण तिची चाकं जमिनीला खिळलेली होती. मग निशाण पडलं आणि गाडी सुटली. दुसरा गिअर, तिसरा, आणि मग पट्टीच्या टोकाला नुसता एक ठिपका.

तपासनीस मधल्याजवळ आला. "आता बरोबर सोडतोय क्लच. मागच्या वेळी काय झालं होतं?"

"मागच्या वेळी तो माझ्या भावाच्या पायाला लावलेला होता."

"तो लंगडा ड्रायव्हर? झकास माणूस. दिसला नाही बऱ्याच दिवसांत. कुठे असतो हल्ली?"

मधल्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं. वर्ष झालं होतं, आणि या अवधीत त्याने हे वाक्य एकदाही उच्चारलं नव्हतं. दवाखान्यात डॉक्टरांनी उच्चारलं होतं, धाकट्याला फोन केला तेव्हा वहिनीने रिसीव्हर घेऊन उच्चारलं होतं, गल्लीत लोकांनी आपसात उच्चारलं होतं. त्याच्यावर ती वेळ आलीच नव्हती.

"भाऊ वारला माझा," तो म्हणाला.

आणि तो तिथेच, रेषेच्या कडेला, गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागला, लहान पोरासारखा, हुंदके देत, आवाज करून. पुढच्या गाडीचं इंजिन इतकं मोठ्याने चालू होतं की ते रडणं कुणाला ऐकू गेलं नाही. तपासनिसाने शिट्टी खिशात घातली, त्याला दंडाला धरून उठवलं आणि कानाशी वाकून म्हणाला, "काका, जरा मागे या. पुढची गाडी सुटतेय."